दोन टोप्या आणि एक डोलकाठी

“गुप्तहेर जन्माला यावा लागतो. मी आलो. माझ्या जन्माच्या वेळी खोलीत चार माणसं होती आणि त्यांपैकी तिघं काहीतरी लपवत होती, हे मला त्याच क्षणी जाणवलं. बोलता येत नसल्यामुळे तो तपास राहून गेला. माझी नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं. चेहरा असा की गर्दीत कुणाच्या लक्षात राहू नये. आता बुद्धी. बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसणार नाही. ते माझ्या मेहुण्याने लिहावं.”

एवढं सांगून भाऊजी थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी तेवढी जागा मोकळी सोडली आणि पुढचा परिच्छेद विचारला.

हा मजकूर त्यांच्या माहितीपत्रकासाठी होता. मेहुणा म्हणजे मी. मी आधी एका दैनिकात उपसंपादक होतो. ते दैनिक बंद पडलं, तेव्हा माझ्या बहिणीने मला स्वतःच्या नवऱ्याचा सहायक म्हणून चिकटवलं. “दोघं दोन ठिकाणी रिकामे बसण्यापेक्षा एका खोलीत बसा, पंखा तरी एकच लागेल,” असं ताईने सांगितलं. भाऊजींनी सांगितलेलं लिहून घेणं, त्यांच्या मागून चालणं आणि ते अडखळले की सावरणं, एवढं माझं काम. पहिली दोन अधूनमधून असतात.

चेहरा लक्षात राहत नाही, हे मात्र भाऊजींचं म्हणणं बरोबर नाही. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना ओळखतात. ओळखतात आणि पुन्हा डोकं खाली टेकतात.

आमची कचेरी म्हणजे भाऊजींच्या आत्यांच्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली. आत्यांचे यजमान दंतवैद्य होते. त्यांचा दवाखाना तिथे होता. ते गेल्यानंतर खोली भाऊजींकडे आली, आणि खोलीबरोबर दात काढायची ती मोठी कलती खुर्चीही आली. अशील आला की भाऊजी त्याला त्या खुर्चीत बसवतात आणि पायाने पॅडल दाबून मागे कलवतात. “छताकडे बघणारा माणूस खोटं बोलू शकत नाही,” असं त्यांचं शास्त्र आहे. काही अशील सवयीने तोंड उघडतात आणि मिटायचं विसरतात, त्यामुळे जबानी घ्यायला वेळ लागतो.

दवाखान्याचा टेलिफोनही तिथेच राहिला. घरातला तो एकमेव जुना फोन, आणि तो फक्त भाऊजींनीच उचलायचा असा नियम.

भाऊजींच्या आणखी एका नियमाची माहिती इथेच दिलेली बरी, कारण पुढचं सगळं त्यावर घडलं. एका प्रकरणाचा दुसऱ्या प्रकरणाला वारा लागू द्यायचा नाही. “डोक्यात दोन प्रकरणं एकदम आली मेहुणे, की ती शेजारणींसारखी बोलायला लागतात,” ते म्हणतात. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे टोप्या. प्रत्येक प्रकरणाला एक टोपी. त्या प्रकरणाचा विचार करायचा तर ती टोपी डोक्यावर हवी. टोपी काढली की प्रकरण बंद. त्या आठवड्यात खुंटीवर दोनच टोप्या होत्या. त्यांतली काळी टोपी सोमवारी सुरू झाली होती.

काळी टोपी म्हणजे ‘गोड आवाज प्रकरण’. सोमवारपासून फोनवर एका बाईचा अतिशय गोड आवाज येई आणि म्हणे, “नमस्कार, मी बँकेतून बोलतेय. आपण आत्ताच एक—” यापुढे तिला कधी जाता आलं नाही. भाऊजी कडाडत, “नाही! नाही! त्रिवार नाही!” आणि फोन ठेवून देत.

“भामट्यांची टोळी आहे, मेहुणे. बँकेतून बोलतेय म्हणणारा माणूस कधीच बँकेतून बोलत नसतो. बँकेत जाऊन बघा, तिथे कुणी बोलतं का?”

गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी हे शिकवलं होतं. गेल्या महिन्यात गच्चीवर माणसं जमवून तासभर व्याख्यान दिलं होतं. आत्या त्या व्याख्यानाला आल्या नव्हत्या. का आल्या नव्हत्या, ते पुढे येईल.

गुरुवारी सकाळी आत्या जिना उतरून कचेरीत आल्या. आत्या सत्तरीच्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. अजूनही समोरच्या माणसाकडे तो फळ्यापाशी उभा असल्यासारखं बघतात. गळ्यात हेडफोन. त्या स्वतःहून खुर्चीत बसल्या आणि भाऊजींनी पॅडल दाबायच्या आत म्हणाल्या, “मला कलवू नकोस, कंबर धरते. बाब्या, बँक मला डोलकाठी घेऊ देत नाही.”

भाऊजींनी सावकाश तपकिरी टोपी घातली. “डोलकाठी,” ते म्हणाले. “कुणाची?”

“माझ्या जहाजाची.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आत्यांचं जहाज आहे हे मला माहीत होतं, ताईला माहीत होतं, दूधवाल्यालाही माहीत होतं. घरात माहिती काढण्याचा धंदा असलेला माणूस एकच, आणि नेमकं त्यालाच माहीत नव्हतं.

आत्यांनी धडा पहिल्यापासून घेतला. ऑनलाइन खेळ आहे. समुद्र, वादळं, लढाया. आत्या ‘रणरागिणी’ नावाच्या जहाजाच्या कप्तान. तोफखान्यावर त्यांची लेक, जी लग्नानंतर नवऱ्याबरोबर इतक्या लांब गेली की इथे सकाळ असली की तिथे दिवेलागण. बाकीचे खलाशी कुठले कुठले. दर शनिवारी संध्याकाळी मोहीम. व्याख्यानाच्या दिवशीही मोहीमच होती.

“गेल्या मोहिमेत वादळात डोलकाठी मोडली. नवी विकत घ्यावी लागते. बटण दाबते, कार्डाचा नंबर टाकते, जरा वेळ गोल गोल फिरतं आणि मग उत्तर येतं, व्यवहार नाकारला. सोमवारपासून हेच चाललंय.”

“दुसऱ्या कुणी घेतली तर?” मी विचारलं.

“कप्तानाच्याच नावाचं कार्ड लागतं. माझं खातं एकच. आणि शनिवारी सहापर्यंत डोलकाठी बसली नाही, तर जहाज मोडीत काढतात. खलाशी इतर जहाजांवर वाटून टाकतात.”

“आत्या,” भाऊजी समजुतीने म्हणाले, “खेळातलं जहाज आहे ते. जाऊ दे की मोडीत.”

आत्यांनी हेडफोन गळ्यातून काढून मांडीवर ठेवले. “बाब्या, लेकीचं नि माझं फोनवर काय बोलणं होतं सांगू? जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. ठेवू का, ठेव. झालं. जहाजावर तासभर भांडते माझ्याशी. गेल्या शनिवारी म्हणाली, ‘आई, तू सुकाणू धरतेस ना, तशीच लहानपणी मला धरायचीस, जरा ढिलं सोड.’ फोनवर म्हणाली असती का कधी?”

आत्यांनी हेडफोन पुन्हा गळ्यात अडकवले.

“आणि जवळपासच्या जहाजांत तोफखान्याची जागा एकाच जहाजावर रिकामी आहे. विहीणबाईंच्या.”

“त्याही खेळतात?”

“माझं बघून सुरू केलं. आता टपून बसल्यात. लेक दिलीच आहे त्यांच्या घरात. आता जहाजावरही देऊ?”

मी विचारलं, “आत्या, बँकेला विचारलंत?”

“फोन लावला होता. एक दाबा, दोन दाबा, मग बासरी. छान होती बासरी. बराच वेळ ऐकली.”

“मेहुणे,” भाऊजी म्हणाले, “संशयिताला कधी कुणी विचारतं का? तो सावध होतो. आत्या, तू वर जा आणि पुन्हा खरेदी करून बघ. मी इथून निरीक्षण करतो.”

खालच्या खोलीतून वरच्या मजल्याचं निरीक्षण कसं करणार, हा प्रश्न मी विचारला नाही. आत्या हेडफोन चढवून वर गेल्या. भाऊजी छताकडे डोळे लावून बसले. थोड्या वेळाने फोन वाजला.

“हं! हे दुसरं प्रकरण,” असं म्हणत त्यांनी तपकिरी टोपी खुंटीला लावली, काळी घातली आणि फोन उचलला. “नाही! नाही! त्रिवार नाही! आणि लाज वाटू द्या थोडी!” फोन ठेवला. काळी टोपी काढली, तपकिरी घातली, पुन्हा छताकडे डोळे लावले.

वरून आत्यांचा आवाज आला, “नाकारला!”

“बघा मेहुणे,” भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. “काय यंत्रणा आहे! पापणी लवायच्या आत!”

आता कुणी म्हणेल, तुम्ही त्याच खोलीत होता, मग तुमच्या कसं लक्षात आलं नाही? मी दोन्ही घटना ओळीने टिपल्या होत्या. आधी फोन आला, मग व्यवहार नाकारला गेला. पण एकीमुळे दुसरी घडली, असं मी लिहिलं नाही. दैनिकात पुराव्याशिवाय ‘मुळे’ लिहिलं की मुख्य उपसंपादक खोडत असत. ती सवय मला नडली.

शुक्रवारी सकाळी भाऊजींनी पहिला सिद्धांत मांडला. विहीणबाई बँकेतल्या कुणाला तरी फितवून आत्यांच्या खरेद्या अडवताहेत. हेतू आहे, संधी आहे, आणि माणूस विहीण आहे. “यापेक्षा जास्त पुरावा कोर्टालाही लागत नाही.”

दोन गल्ल्या सोडून विहीणबाई राहतात. भाऊजी पाण्याचं मीटर तपासणारे बनून गेले. डोळ्यांवर चष्मा, ओठांवर गोंदाने चिकटवलेली मिशी. मी मागे पिशवी धरून.

विहीणबाईंनी दार उघडलं. “अगंबाई, बाब्याराव! मिशी छान आहे. पण एका बाजूने सुटतेय, आत सावलीत या.”

“मी पाण्याच्या खात्यातून—”

“हो का? मग मोरीतला नळ गळतोय, तेवढा बघा.”

भाऊजींनी नळ बघितला. नंतर तो नळ मला बंद करावा लागला, कारण आधी तो गळत होता आणि भाऊजींनी बघितल्यावर वाहायला लागला. बाही पिळत पिळत त्यांनी सवाल टाकला, “ऐकलंय की आपणही जहाजाची खरेदी करता. बँक अडवत नाही?”

“अडवेल कशाला? फोन करून विचारते, मी हो म्हणते, झालं काम.” विहीणबाईंनी आमच्यासमोर कॉफी ठेवली. “आणि आत्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, तोफखान्याची जागा झाडूनपुसून ठेवलीय. सूनबाईंना आवडेल असा रंगही दिलाय.”

बाहेर पडताच भाऊजींनी माझा दंड धरला. “ऐकलंत? बँक त्यांना फोन करते! त्या हो म्हणतात! संगनमत, मेहुणे, उघड संगनमत! बँक आत्याला फोन करते का? नाही. का नाही? विचार करा.”

मी विचार करणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी मिशी खिशात ठेवली आणि ती खिशालाच चिकटली. ते सोडवण्यात बँक आली.

बँकेत खिडकीपाशी मधल्या वयाची एक कारकून बाई होती. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि चहाचा कप. कपावर नांगराचं चित्र होतं. भाऊजींनी मला कोपराने ढोसलं.

“बोला,” बाई म्हणाल्या.

“एका वृद्ध स्त्रीच्या खात्यावरचे व्यवहार नाकारले जात आहेत,” भाऊजी ओठ न हलवता म्हणाले. “कुणाच्या हुकमावरून?”

“खातेदार आपण आहात?”

“मी सावली आहे.”

“सावलीचं ओळखपत्र आणलंय?”

भाऊजी खिसे चाचपू लागले. बाईंनी गठ्ठ्यावरून नजर न उचलता सांगितलं, “तिऱ्हाइताला खात्याची माहिती देता येत नाही. बाईंना पाठवा. आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय आम्ही काहीही नाकारत नाही, एवढं सगळ्यांनाच सांगते.”

“खोटं!” भाऊजी ओरडले. “त्यांना कुणीही विचारलेलं नाही! मी त्याच घरात बसतो!”

रखवालदाराने आम्हाला दारापर्यंत सोबत केली. त्याने भाऊजींना नाव घेऊन नमस्कार केला, यावरून तिथे ते पूर्वीही आले असावेत.

रस्त्यावर दुसरा सिद्धांत तयार झाला. खिडकीवरची बाई विहीणबाईंच्या जहाजावर खलाशी आहे. पुरावा, कपावरचा नांगर. कोपऱ्यापर्यंत येईतो तिसरा आला. सगळी बँकच एक जहाज आहे, व्यवस्थापक कप्तान आहे आणि रखवालदार गलबतावरचा पहारेकरी. म्हणून तर तो दारात उभा असतो. घराच्या फाटकापाशी चौथा. विहीणबाई म्हणजेच खिडकीवरची बाई. दोघींना एकाच वेळी एका ठिकाणी कुणीही पाहिलेलं नव्हतं. “आणि गोड आवाज?” मी सहज म्हटलं. “त्या फोनवरही बँकच म्हणतात ना?”

भाऊजी जागीच थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी हताशपणे मान हलवली. “मेहुणे, मेहुणे. ती काळी टोपी. आत्ता माझ्या डोक्यावर कुठली आहे?”

“तपकिरी.”

“मग?”

शनिवारी दुपार उलटली. आत्यांनी दिवसभरात दोनदा प्रयत्न केला होता, दोनदा काळी टोपी चढली-उतरली होती. ताई वरून खाली येऊन सांगून गेली की आत्या जेवल्या नाहीत, आणि लेकीने तिकडून विचारलंय, “आई, मग मी सासूबाईंच्या जहाजावर जायचं का?” हे विचारताना ती रडत होती की हसत होती हे कळलं नाही म्हणे, आवाज तुटत होता.

ताई गेल्यावर भाऊजी बराच वेळ खुर्चीत पडून होते. स्वतःच पॅडल दाबून त्यांनी स्वतःला कलवलं होतं. “मेहुणे,” ते छताकडे बघत म्हणाले, “मला काही सुचत नाहीये.” छताकडे बघणारा माणूस खोटं बोलू शकत नाही, हे शास्त्र मला त्या वेळी पहिल्यांदा पटलं.

पाच वाजून गेले असतील. जिन्यावर पावलं वाजली. आत्या आल्या, आणि हेडफोन वर ठेवून आल्या होत्या. “ऊठ बाब्या,” त्या म्हणाल्या. “राहू दे आता. येताना शेवटचं एकदा बटण दाबून आलेय, पण व्हायचं ते होणारच आहे. तू पुष्कळ धावपळ केलीस. नळाचंही कळलं मला.”

फोन वाजला.

भाऊजी खुर्चीतून उसळले. तपकिरी खुंटीला, काळी डोक्यावर, रिसीव्हर कानाला. “नाही! नाही! त्रिवार नाही! आज सुट्टीच्या वारीही तुम्हाला चैन नाही?” त्यांनी फोन आदळला आणि टोपी बदलायला हात वर केला.

“थांब,” आत्या म्हणाल्या.

हा आवाज त्यांनी शाळेत तीसएक वर्षं वापरला असावा. भाऊजींचा हात तसाच वर राहिला. मीही पेन्सिल खाली ठेवली.

“कुणाचा फोन होता?”

“काही नाही गं. भामटी टोळी. बँकेतून बोलतेय म्हणते.”

“काय म्हणाली?”

“पुढे बोलूच देत नाही मी.”

“आणि तू काय म्हणालास?”

“नाही म्हणालो.” भाऊजींच्या आवाजात थोडा अभिमान होता. “सोमवारपासून प्रत्येक वेळी.”

आत्या खुंटीपाशी गेल्या. तपकिरी टोपी काढली आणि भाऊजींच्या डोक्यावरच्या काळ्या टोपीवर नीट बसवली. “आता दोन्ही घालून विचार कर,” त्या म्हणाल्या. “मी बटण दाबते. बँकेला वाटतं, या बाईने जन्मभर दूध नि औषधांपलीकडे काही घेतलं नाही, ही डोलकाठी कशाला घेईल? म्हणून बँक मला फोन करून विचारते. खातं उघडताना मी कुठला नंबर दिला असेल? त्या वेळी घरात फोन एकच होता. पुढचं तू सोडव.”

भाऊजींच्या डोक्यात दोन प्रकरणं पहिल्यांदाच समोरासमोर आली. एकमेकांची ओळख पटायला त्यांना वेळ लागला. आधी भुवया वर गेल्या, मग खालचा ओठ खाली आला, आणि मग भाऊजी हळूच खुर्चीत बसले.

“म्हणजे गुन्हेगार...”

“हो.”

“याच घरातला...”

“हो, बाब्या.”

“मेहुणे?”

“तू!” आत्या म्हणाल्या, आणि वर जायला वळल्या. “मी पुन्हा बटण दाबून येते. फोन वाजला तर कुणीही हात लावायचा नाही.”

आत्यांचे गुडघे आणि बँक यांच्यात शर्यत लागली. बँक जिंकली. आत्या अजून जिन्यात असतानाच फोन वाजला आणि भाऊजींचा उजवा हात आपोआप निघाला. मी तो दोन्ही हातांनी धरला. “सोडा मेहुणे, मी हो म्हणतो!” ते ओरडत होते, पण तोंड उघडल्यावर आत काय तयार असेल याची मला खात्री नव्हती. तेवढ्यात आत्या पोचल्या.

त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, त्यामुळे पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आवाज खरोखरच गोड होता.

“नमस्कार, मी बँकेतून बोलतेय. आपण आत्ताच एक—” आवाज इथे थांबला. पुढे कधी जावं लागलं नसल्यामुळे तिची थोडी पंचाईत झाली असावी. “अं... खरेदी केलीत का? ऑनलाइन खेळात? डोलकाठी?”

“केली. मीच.”

“मॅडम, असं आहे, या नंबरवरचे एक गृहस्थ आठवडाभर नाही म्हणताहेत. फार ठामपणे. परवा त्यांनी मला विचारलं की माझ्या आईवडिलांना काय वाटत असेल.”

“तो माझा भाचा. त्याच्या वतीने मी माफी मागते.”

“ते ठीक आहे, पण आता खात्री करावी लागेल. खातं उघडताना आपण एक गुप्त प्रश्न ठेवला होता. उत्तर एकदाच देता येईल. चुकलं तर सोमवारपर्यंत काहीच करता येणार नाही.”

“विचारा.”

“प्रश्न असा आहे: भाचा काय करतो?”

भाऊजी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. “गुप्तहेर,” ते कुजबुजले. “आत्या, गुप्तहेर सांग. खासगी गुप्तहेर.”

आत्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “बाब्या, खातं उघडलं तेव्हा तू नुकताच कॉलेज सोडून घरी बसला होतास.”

“मग?”

“जरा कान झाक.”

भाऊजींनी झाकले नाहीत. आत्यांनी हात काढला आणि एकाच शब्दात उत्तर दिलं.

“झोपतो.”

“बरोबर आहे, मॅडम. व्यवहार मंजूर केला. डोलकाठीबद्दल अभिनंदन.”

“आणि हे बघा,” आत्या घाईने म्हणाल्या, “सहाला मोहीम सुरू होतेय. मध्येच काही घ्यावं लागलं तर सुकाणू सोडून मला खाली येता येणार नाही. माझा भाचा फोन उचलेल. त्यालाच विचारा हा प्रश्न, उत्तर बरोबर आलं तर माझी संमती समजा.”

“तशी नोंद करते. पण त्यांना उत्तर माहीत आहे का?”

“आता आहे,” आत्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांची पर्वा न करता वर गेल्या.

सहा वाजता ‘रणरागिणी’ निघाली. हेडफोन विसरून आत्यांनी आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे वरचा समुद्र खालपर्यंत येत होता. लाटा, तोफा, आणि त्यांवर चढलेले मायलेकींचे आवाज. “आई, उजवीकडे!” “मला शिकवू नकोस!” “शिकवत नाही गं, सांगतेय!” “सांगणं नि शिकवणं यात काय फरक आहे, सांग!” दोघी अशा भांडत होत्या की बरं वाटावं.

खाली भाऊजी दोन्ही टोप्या घालून बसले होते. काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. “लिहा,” ते सावकाश म्हणाले. “अखेर गुन्हेगार सापडला. अत्यंत धूर्त. आठवडाभर तो माझ्या नजरेसमोरून हलला नाही.”

“नजरेसमोरून की मागून?” मी विचारलं.

“मेहुणे, तुमच्यातला उपसंपादक मेला पाहिजे.”

तेवढ्यात वरून धाडकन आवाज आला आणि लेकीची किंकाळी. “आई, नांगर तुटला! खडकावर चाललोय! नांगर घे आई, लवकर!”

“घेतला! दाबलं बटण!” आत्या ओरडल्या. “बाब्या! फोन!”

फोन वाजला. भाऊजींनी रिसीव्हर उचलला. त्यांची जीभ ‘न’ म्हणायच्या जागी जाऊन आली, हे मी स्वतः पाहिलं.

“नमस्कार, मी बँकेतून बोलतेय,” गोड आवाज म्हणाला. “आपण भाचे ना? एकच प्रश्न. भाचा काय करतो?”

भाऊजींनी समोर बघितलं. भिंतीवर त्यांची पाटी होती. पितळी अक्षरांत ‘खासगी गुप्तहेर’, खाली लहान अक्षरांत ‘सदैव जागरूक’. खिडकी उघडी होती, आणि समोरचा इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून कान देऊन ऐकत होता. वरून लेकीचा आवाज आला. “आई, खडक!”

त्यांनी दोन्ही टोप्या काढून मांडीवर ठेवल्या.

“झोपतो,” भाऊजी म्हणाले.

“जरा मोठ्याने, सर. पाठीमागे तोफा वाजताहेत.”

“झोपतो!” भाऊजी गरजले. “भाचा झोपतो! सकाळ, दुपार, संध्याकाळ झोपतो! द्या तो नांगर!”

पलीकडे कळफलक वाजला. मग, “मंजूर केला, सर.” आणि वरून मायलेकी एकदमच ओरडल्या, “मिळाला!”

भाऊजींनी फोन अगदी हळू खाली ठेवला. रस्त्यापलीकडून इस्त्रीवाला म्हणाला, “खरं बोललात, साहेब,” आणि पुन्हा कामाला लागला.

मोहीम संपली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ‘रणरागिणी’ तरली होती. विहीणबाईंचा निरोप ताईच्या फोनवर आला की तोफखान्याला दिलेला रंग तसाही फिका पडला होता. वर आत्या आणि लेक अजून बोलतच होत्या. जहाज किनाऱ्याला लागून बराच वेळ झाला होता, तोफा थंडावल्या होत्या, पण दोघींपैकी ‘ठेवू का’ कुणी म्हणत नव्हतं.

भाऊजी माहितीपत्रकाचा कागद हातात घेऊन बसले होते. “मेहुणे, ती बुद्धीची जागा तुम्ही अजून मोकळीच ठेवलीय.”

मी कागद घेतला आणि लिहिलं, “झोपते, पण घरच्यांनी हाक मारली की उठते.”

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळी टोपी घालून, दुसऱ्यांदा तपकिरी घालून.

“‘तीक्ष्ण’ हा शब्द राहिला,” ते म्हणाले.